जमिनीखालची केबल आणि पाइप लोकेटरने कशी शोधावी

बेळगावच्या शहापूर, वडगाव किंवा खडेबाजार भागातील एखाद्या जुन्या गल्लीत रस्ता उकरायला घेतला, की दोन-तीन फुटांच्या आतच किती पिढ्यांचे काम एकमेकांवर रचलेले आहे हे दिसू लागते. जुन्या पाणीयोजनेतील बिडाचे पाइप, त्यांना जोडलेले घरोघरचे लोखंडी नळ, नव्या योजनांमधील काळे एचडीपीई (प्लास्टिकचे) पाइप, हेस्कॉम या वीजपुरवठा कंपनीच्या केबल, ऑप्टिकल फायबरच्या नळ्या आणि अलीकडे आलेली घरगुती गॅसची लाइन हे सर्व एकाच अरुंद पट्ट्यात दाटीने बसलेले असते. निपाणी-चिक्कोडीकडे शेतात वेगळी अडचण येते. तेथे वेदगंगेच्या किंवा दूधगंगेच्या काठावरील मोटारीपासून उसाच्या फडापर्यंत आजोबांनी पुरलेली पाइपलाइन नेमकी कोणाच्या बांधावरून जाते हे सांगणारा माणूस आता हयात नसतो आणि कागद तर कधी नव्हताच. अशा ठिकाणी केबल लोकेटर, ज्याला आपल्याकडील वायरमन रूट ट्रेसरही म्हणतात, भाड्याने आणून काम करण्याची पद्धत वाढते आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र यंत्र आणले आणि काटा हलला म्हणजे केबल सापडली, असा समज फार पसरलेला आहे, आणि तो घातक आहे.

हे यंत्र केबल पाहत नाही. धातूच्या वाहकातून जाणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होते, त्याची तीव्रता ते हवेतून मोजते. त्या क्षेत्रावरून वाहक कोठे असावा हे आपण ठरवतो, म्हणजे जमिनीवर काढलेली प्रत्येक खूण हा एक तर्क असतो. तो तर्क निरनिराळ्या बाजूंनी तपासून घेणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे, आणि पुढे जे लिहिले आहे ते बहुतेक त्या तपासणीविषयी आहे.

यंत्र बाहेर काढण्यापूर्वी

कामाचा पहिला तास यंत्राविना घालवावा. महापालिका, हेस्कॉमचे सेक्शन ऑफिस, पाणीपुरवठा विभाग आणि गॅस कंपनी यांच्याकडे नकाशा मागावा, आणि तो मिळाला तरी त्यावरील अंतरे अंदाजाची आहेत असे धरून चालावे, कारण नकाशा काढल्यानंतर रस्ता रुंद झालेला असू शकतो आणि ज्या गटारापासून मोजमाप घेतले होते ते गटारच हललेले असू शकते. खोदकामाची पूर्वसूचना देण्यासाठी केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी सुरू केलेले ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप आहे. खोदणाऱ्याने त्यावर कामाची जागा नोंदवली की त्या भागात ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना कळवले जाते. ते अवश्य वापरावे, पण एखाद्याने आपली वाहिनी तेथे नोंदवलीच नसेल तर ॲपवर काहीही दिसणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर संपूर्ण जागा पायी फिरावी. खांबावरून खाली उतरणारी केबल, फीडर पिलर (रस्त्याकडेची वीजवाटपाची पेटी), ट्रान्सफॉर्मर (ज्याला आपल्याकडे सगळे टीसी म्हणतात), व्हॉल्व्हचे चेंबर, डांबरावरील वेगळ्या रंगाचे ठिगळ आणि पावसाळ्यानंतर लांबट रेषेत खचलेली माती या सर्व गोष्टी बोलक्या असतात. केबलच्या मार्गावरील खुणेच्या दगडांवरचा मजकूर बहुधा कानडीत असतो. तो वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला बरोबर घ्यावे, कारण पाण्याचा दगड आणि केबलचा दगड यांत गफलत झाली तर पुढचे सगळेच चुकते. जुन्या व्हॉल्व्हमनना शोधून काढून त्यांना मानाने बोलवावे. गल्लीच्या कोणत्या वळणावर कोणता व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेला आहे हे त्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही कागदावर नसते.

पॅसिव्ह शोध: फक्त रिसीव्हर घेऊन

लोकेटरचे दोन भाग असतात. ट्रान्समीटर वाहिनीवर ठराविक वारंवारितेचा सिग्नल चढवतो आणि रिसीव्हर तो जमिनीवरून ओळखतो. मात्र पहिली फेरी केवळ रिसीव्हर घेऊन मारायची असते. ‘पॉवर’ मोडमध्ये रिसीव्हर ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाचे क्षेत्र शोधतो. ‘रेडिओ’ मोडमध्ये तो दूरच्या अतिदीर्घ लहरींच्या केंद्रांचा सिग्नल शोधतो, जो लांब धातुवाहिन्यांमध्ये आपोआप उतरलेला असतो. पाणबुड्यांशी संपर्क ठेवण्यासाठी नौदलाचे असे एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आहे, आणि अशा लहरी शेकडो किलोमीटर प्रवास करून आपल्या गल्लीतील पाइपात उतरतात ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. रिसीव्हर उभा धरून, जमिनीलगत ठेवून आणि हात न झुलवता जागेवर आधी उभ्या व नंतर आडव्या पट्ट्यांत चालावे. रिसीव्हरचे पाते (त्याचा जमिनीकडील चपटा भाग) वाहिनीच्या दिशेला समांतर झाले तर सिग्नल नाहीसा होतो, म्हणून एकाच दिशेने फिरून शोध पूर्ण होत नाही.

या फेरीत सिग्नल मिळाला तर तेथे काहीतरी आहे एवढेच सिद्ध होते, ते काय आहे हे कळत नाही, कारण ५० हर्ट्झचा परतीचा प्रवाह जमिनीतून जाताना पाण्याच्या लोखंडी पाइपाचाही आधार घेतो. उलट बाजू अधिक धोक्याची आहे. पॉवर मोडमध्ये सिग्नल मिळाला नाही म्हणून वीजवाहिनी नाही, असे कधीही म्हणता येत नाही. शेतीचा थ्री-फेज पुरवठा दिवसात ठराविक तासच असतो, आणि बाकी वेळी मोटारीच्या केबलमधून प्रवाहच वाहत नसल्यामुळे रिसीव्हर गप्प राहतो. रस्त्यावरील दिव्यांची केबल दिवसभर बंद असते. भार तिन्ही फेजवर समान असेल आणि केबलमधील तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतील, तर चालू केबलचे क्षेत्रही जवळजवळ परस्परांत विरून जाते. म्हणून पॅसिव्ह शोधाचा उपयोग सावध होण्यासाठी करावा, निश्चिंत होण्यासाठी करू नये.

ट्रान्समीटर जोडण्याच्या तीन पद्धती

सर्वांत भरवशाची पद्धत थेट जोडणीची आहे. ट्रान्समीटरची लाल तार वाहिनीच्या धातूला जोडायची आणि काळी तार जमिनीत ठोकलेल्या अर्थ पिनेला. पाण्याच्या पाइपासाठी व्हॉल्व्ह किंवा मीटरजवळचा उघडा धातू, गंज आणि रंग कानशीने घासून, वापरावा. विजेच्या केबलला अशी जोडणी करायची असेल तर पुरवठा कंपनीच्या अधिकृत माणसाने ती बंद केलेली, दोन्ही टोकांना सोडवलेली आणि टेस्टरने तपासून मृत ठरवलेली असली पाहिजे. चालू वाहकाला ट्रान्समीटर जोडणे म्हणजे माणूस आणि यंत्र दोन्ही गमावणे होय, आणि यात कोणत्याही घाईला जागा नाही.

अर्थ पिन कोठे ठोकायची, याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि चुकीची बरीच मुळे तेथेच असतात. पिन शोधायच्या वाहिनीच्या दिशेला काटकोनात आणि तार पुरेल तितकी दूर ठोकावी. ती दुसऱ्या पाइपाजवळ, कुंपणाच्या तारेजवळ किंवा एखाद्या इमारतीच्या अर्थिंगजवळ ठोकली तर परतीचा प्रवाह त्या धातूवाटे येतो आणि मग तो धातूच आपल्याला ‘केबल’ म्हणून सापडतो. खानापूर आणि बेळगाव परिसरातील जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात पिन नीट अर्थ पकडत नाही. अशा वेळी पिनेभोवती दोन बादल्या पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे आणि ट्रान्समीटरवरील मिलिॲम्पिअरचा आकडा वाढला का ते पाहावे. चिक्कोडी-अथणीकडील ओल्या काळ्या मातीत अर्थ लगेच मिळते, परंतु वेष्टन खराब झालेल्या किंवा उघड्या धातूच्या वाहिनीवरील सिग्नलही त्या मातीत लवकर झिरपून जातो, त्यामुळे तेथे एका जोडणीवर फार लांब जाता येईल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरी पद्धत क्लॅम्पची आहे. केबल बंद करणे शक्य नसेल तेव्हा केबलच्या बाहेरून क्लॅम्प बसवून सिग्नल चढवता येतो. क्लॅम्पचे जबडे पूर्ण मिटले पाहिजेत, मध्ये किंचित फट राहिली तरी सिग्नल कोसळतो. आर्मर, म्हणजे धातूचे संरक्षक कवच, असलेल्या केबलवर क्लॅम्प काम करण्यासाठी आर्मर दोन्ही टोकांना अर्थ केलेले असावे लागते, कारण प्रवाहाला फिरून यायला पूर्ण वळसा हवा असतो. क्लॅम्प नेहमी ग्लँडच्या (केबल पेटीत शिरते तेथील घट्ट जोडाच्या) पुढे, ज्या बाजूला केबल जमिनीत शिरते तिकडे बसवावा. अर्थिंगच्या जोडाच्या अलीकडे बसवल्यास सिग्नल अर्थिंगमध्येच फिरत राहतो. हे काम चालू केबलजवळ होत असल्यामुळे ते प्रशिक्षित माणसानेच, हातमोजे घालून करावे.

तिसरी पद्धत इंडक्शनची आहे, म्हणजे कोठेही तार न जोडता ट्रान्समीटर जमिनीवर ठेवून खालच्या वाहिनीत सिग्नल उतरवणे. ती सोपी वाटते म्हणून नवशिका प्रथम तिच्याकडे वळतो, पण तिच्यात सिग्नल आजूबाजूच्या सर्वच धातूंवर चढतो. शिवाय ट्रान्समीटरपासून दहा-पंधरा मीटरच्या आत रिसीव्हर थेट हवेतून सिग्नल पकडतो आणि काहीही नसलेल्या जागी ‘सापडले’ असे दाखवतो. वीस पावले दूर गेल्यावरच वाचन घ्यावे, आणि खात्री नसेल तर रिसीव्हर आकाशाकडे उलटा धरून पाहावा. तेव्हाही सिग्नल तितकाच तीव्र राहिला, तर तो हवेतून येतो आहे. एखादी अज्ञात वाहिनी राहून गेली का हे पाहण्यासाठी मात्र इंडक्शनला पर्याय नाही. एकाने ट्रान्समीटर आणि दुसऱ्याने रिसीव्हर घेऊन तेवढेच अंतर राखून समांतर चालत सगळी जागा पिंजून काढावी.

वारंवारिता कोणती निवडावी

बहुतेक लोकेटरवर ५१२ किंवा ६४० हर्ट्झ, ८ किलोहर्ट्झ, ३३ किलोहर्ट्झ आणि ६५ किलोहर्ट्झच्या पुढील काही वारंवारिता असतात. कमी वारंवारिता दूरवर जाते आणि शेजारच्या वाहिनीवर सहसा उडी मारत नाही, पण तिला अखंड धातू आणि चांगली अर्थ लागते. जास्त वारंवारिता तुटक जोडांवरूनही पुढे सरकते, मात्र ती लवकर क्षीण होते आणि शेजाऱ्यांवरही पसरते. शिशाने जोडलेल्या जुन्या बिडाच्या पाइपांवर ८ किलोहर्ट्झ चांगली चालते, कारण शिसे वीजवाहक आहे. नव्या डक्टाइल आयर्न पाइपांच्या जोडांत रबरी रिंग असते. तेथे पाइप लोखंडाचा असूनही कमी वारंवारितेचा सिग्नल पहिल्या-दुसऱ्या जोडाशीच संपतो आणि ३३ किंवा ६५ किलोहर्ट्झवर जावे लागते. मी स्वतः नेहमी कमी वारंवारितेपासून सुरुवात करतो आणि सिग्नल तुटला तरच एकेक पायरी वर चढतो. उलट क्रमाने गेल्यास पहिल्याच मिनिटाला भरघोस सिग्नल मिळतो, पण तो कोणाचा आहे हे कळेनासे होते.

खूण करणे आणि ती तपासणे

पीक मोडमध्ये वाहिनीच्या बरोबर वर सिग्नल सर्वांत जास्त असतो. तो बिंदू सापडला की रिसीव्हर जागच्या जागी फिरवून पाहावा. जेथे सिग्नल जास्तीत जास्त मिळतो तेथे पाते वाहिनीला आडवे असते, म्हणजे वाहिनीची दिशाही कळते. आता त्याच जागी नल मोड लावावा, ज्यात वाहिनीच्या बरोबर वर सिग्नल कमीत कमी असतो. दोन्ही बिंदू एकाच जागी आले तर क्षेत्र गोल आणि निर्दोष आहे असे मानता येते. ते एकमेकांपासून वीतभर किंवा अधिक दूर असतील तर शेजारच्या वाहिनीने क्षेत्र विकृत केले आहे आणि तेथील खोलीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. अशा वेळी खरी वाहिनी पीकच्या जवळ असते, नलच्या विरुद्ध बाजूला, आणि पीकपासूनचे तिचे अंतर पीक-नलमधील अंतराच्या साधारण निम्मे असते. ही दुरुस्ती उपयोगी आहे, तरी माझा कल अशा जागी जोडणी बदलून किंवा वारंवारिता कमी करून पुन्हा शोधण्याकडे असतो.

सर्वांत तीव्र सिग्नल म्हणजे आपली वाहिनी, हा समज हिशेबानेच खोडता येतो. क्षेत्राची तीव्रता प्रवाहाला अंतराने भागून मिळणाऱ्या प्रमाणात बदलते. समजा, आपल्या केबलवर ६० मिलिॲम्पिअर प्रवाह आहे आणि ती रिसीव्हरपासून दीड मीटर खाली आहे, तर प्रमाण ४० येते. शेजारच्या पाइपावर केवळ २० मिलिॲम्पिअर उतरले आहेत, पण तो ३० सेंटीमीटरवर आहे, तर त्याचे प्रमाण ६६ च्या वर जाते. म्हणजे तिप्पट प्रवाह असलेली खरी केबल मंद दिसते आणि उथळ पाइप ठळक दिसतो. म्हणून ज्या लोकेटरवर प्रवाह मोजण्याची सोय आहे तोच शक्यतो घ्यावा आणि प्रत्येक संशयित वाहिनीवरचा प्रवाह पाहावा. ज्या वाहिनीला ट्रान्समीटर जोडला आहे तिच्यावरच तो सर्वाधिक असायला हवा, आणि पुढे जाताना तो हळूहळू कमी व्हायला हवा. तो एकाएकी निम्म्यावर आला तर तेथे फाटा फुटला आहे किंवा वाहिनी जमिनीला लागलेली आहे.

शहापुरातील एका गल्लीत मी हीच चूक केली होती. एका ठेकेदारासाठी फीडर पिलरपासून निघालेली केबल शोधायची होती. तिचा पुरवठा बंद करून देण्यात आला होता, मी आर्मरला थेट जोडणी केली आणि गल्ली अरुंद असल्यामुळे अर्थ पिन भिंतीलगत, हाताला आली तेथे ठोकली. ऐंशी फुटांपर्यंत सिग्नल सुरेख मिळाला आणि मी चुन्याची रेघ ओढली. हाताने चाचणी खड्डा घेतला तेव्हा रेघेखाली पाण्याचा जुना लोखंडी पाइप निघाला, आणि केबल त्याच्यापासून सुमारे दोन फूट अलीकडे, नेमकी जेसीबीचा पंजा पडणार होता त्या बाजूला होती. पिन त्या पाइपाच्या जवळ होती आणि परतीचा प्रवाह त्यावरूनच फिरत होता. प्रवाहाचे आकडे पाहिले असते तर पाइपावरचा आकडा ट्रान्समीटरच्या आकड्याशी जुळत नाही हे मला रेघ ओढण्यापूर्वीच दिसले असते. त्या दिवशी खड्डा घेण्याचा आग्रह मी धरला नसता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

खोली मोजणे

आजचे लोकेटर बटण दाबताच खोली दाखवतात. हा आकडा वाहिनीच्या मध्यापर्यंतचा असतो, वरच्या कडेपर्यंतचा नव्हे. म्हणून ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाची पाठ आकड्यापेक्षा १५ सेंटीमीटर वर भेटते. वळणाजवळ किंवा फाट्याजवळ दोन-तीन मीटरच्या आत घेतलेली खोली ग्राह्य धरू नये. आकड्याची शहानिशा हाताने करायची एक जुनी पद्धत आहे. वाहिनीची रेघ पक्की करून, नल मोडमध्ये रिसीव्हर ४५ अंशांत तिरपा धरावा, त्याचे टोक जमिनीला लावून रेघेपासून काटकोनात दूर सरकत जावे आणि सिग्नल किमान होतो तेथे थांबावे. सपाट जमिनीवर रेघेपासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर हीच खोली असते. तेच दुसऱ्या बाजूला करावे. दोन्ही अंतरे जुळली नाहीत तर शेजारी आणखी काही दडलेले आहे.

केबल किती खोल असायला हवी हे माहीत असले की वेडावाकडा आकडा लगेच खटकतो. भारतीय मानक आयएस १२५५ नुसार कमी दाबाची केबल किमान ०.७५ मीटर, ३.३ ते ११ किलोव्होल्टची ०.९० मीटर आणि २२ ते ३३ किलोव्होल्टची १.०५ मीटर खोल टाकायची असते. ऑप्टिकल फायबरसाठी दूरसंचार विभागाच्या पद्धतीत १.६५ मीटरचा चर धरला जातो. प्रत्यक्षात जांभा कठीण लागला म्हणून केबल फूटभर खोलीवरच टाकून दिलेली मी पाहिली आहे, आणि रस्ता वारंवार उंचावत गेल्यामुळे दोन मीटर खाली गेलेलीही. तेव्हा मानकाचा उपयोग वाचनाची पारख करण्यापुरताच करावा, त्यावरून खोदकामाची खोली ठरवू नये.

प्लास्टिक, सिमेंट आणि मातीचे पाइप

पीव्हीसी, एचडीपीई, सिमेंट किंवा भाजक्या मातीच्या पाइपातून लोकेटरचा सिग्नल वाहत नाही. पाइपात शिरायला जागा असेल तर सोंड हा उत्तम उपाय आहे. ही बोटभर ते वीतभर लांबीची, बॅटरीवर चालणारी ट्रान्समीटरची कुपी असते, जी लवचीक रॉडच्या टोकाला लावून पाइपात सरकवतात. सोंडचे क्षेत्र केबलच्या क्षेत्रापेक्षा वेगळे असते, म्हणून रिसीव्हरचे पाते पाइपाच्या दिशेला समांतर धरावे लागते, आणि मुख्य शिखराच्या पुढे व मागे एकेक लहान खोटे शिखर मिळते. तीनही शिखरे ओलांडून मधले सर्वांत मोठे निश्चित करावे. दोन-दोन मीटर पुढे ढकलत प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकली, की उसाच्या रानातील पाइपलाइनचा पूर्ण मार्ग उभा राहतो. नदीकाठच्या पाइपलाइनमध्ये एअर व्हॉल्व्ह काढून किंवा शेतातील हौदाच्या तोंडातून रॉड घालता येतो. अर्थात मोटार बंद, स्टार्टरचा फ्यूज काढलेला आणि पाइप रिकामा असला पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात मैलावाहिनीत वापरलेला रॉड कदापि घालू नये.

आत शिरता येत नसेल तर ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार हा मार्ग उरतो. ते धातू आणि अधातू दोन्ही दाखवते आणि पडद्यावर पाइप उलट्या वाटीसारख्या वक्र रेषेने दिसतो. परंतु ओल्या चिकण काळ्या मातीत रडारच्या लहरी फार लवकर शोषल्या जातात, त्यामुळे अथणी किंवा रायबागकडील शेतात जूननंतर रडार आणणे म्हणजे बहुतेक वेळा भाडे वाया घालवणे ठरते. ते काम माती सुकलेली असताना, एप्रिल-मे महिन्यांत करावे. मातीतील ओलाव्याचा खोलीच्या वाचनावरही मोठा परिणाम होतो. लहर एका नॅनोसेकंदात ०.१ मीटर जात असेल तर २० नॅनोसेकंदांत परतलेला प्रतिध्वनी एक मीटर खोलीचा असतो, पण ओल्या मातीत तो वेग ०.०६ मीटरवर आला तर तेवढ्याच वेळाचा अर्थ केवळ ६० सेंटीमीटर होतो. जवळच्या माहीत असलेल्या पाइपावर वेग जुळवून घेतल्याशिवाय रडारची खोली लिहून देऊ नये.

शेतातील केबलचा दोष

मोटारीची पुरलेली केबल जमिनीला लागली, म्हणजे कोठेतरी आवरण फाटून तार मातीला टेकली, तर संपूर्ण केबल उकरण्याची गरज नसते. केबल दोन्ही टोकांना सोडवावी, तिच्यातील साठलेला भार अर्थला टेकवून काढावा, ट्रान्समीटरची लाल तार दोषी वाहकाला आणि काळी तार दूरच्या पिनेला जोडावी. मग ए-फ्रेम नावाची दोन टोकदार पायांची चौकट मार्गावर एकेक पाऊल पुढे रोवत जावे. ती जमिनीतील व्होल्टेजची दिशा बाणाने दाखवते. पिनेजवळ वाचन मोठे असते, मध्ये पडते आणि दोषाजवळ पुन्हा चढते. दोष ओलांडताच बाण उलटतो. बाण उलटला त्या जागी चौकट काटकोनात फिरवून आडवे वाचन घेतले की दोष हातभर जागेत पकडता येतो. रान अगदी कोरडे असेल तर आदल्या संध्याकाळी मार्गावर पाणी सोडावे, वाचन स्पष्ट येते.

खोदताना

खुणेच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर जेसीबी आणू नये. चाचणी खड्डा रेघेवर सरळ न घेता तिच्या बाजूला घ्यावा आणि खोली गाठल्यावर आडवे, हलक्या हाताने वाहिनीकडे यावे. फावडे चालते, पण पहारीचा घाव आणि टोकदार कुदळीचा वार टाळावा, कारण केबलच्या अपघातांत हीच अवजारे पुढे असतात. मातीत अचानक चाळलेली वाळू, विटांचा किंवा फरशांचा थर, अथवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली तर तत्काळ थांबावे. सापडलेली प्रत्येक केबल, ती कितीही जुनी आणि गंजलेली असली तरी, पुरवठा कंपनीने मृत असल्याचे सिद्ध करेपर्यंत चालू मानावी. गॅसचा वास आला तर मजुरांना आधी लांब न्यावे, जवळ उभी असलेली यंत्रे सुरूही करू नयेत आणि बंद करण्यासाठीही कोणाला परत पाठवू नये, आणि फोन दूर गेल्यावरच करावा.

गल्लीतील चुन्याची रेघ पहिल्याच पावसात धुऊन जाते. म्हणून प्रत्येक वळणाचे अंतर दोन न हलणाऱ्या वस्तूंपासून, जसे की खांब आणि घराचा कोपरा, फितीने मोजून वहीत लिहावे, सोबत खोली, वापरलेली वारंवारिता, जोडणीची पद्धत आणि तारीख नोंदवावी. नवी प्लास्टिकची पाइपलाइन पुरताना तर एवढेच करावे, की चर बुजवण्यापूर्वी पाइपाच्या पाठीवर आवरण असलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार संपूर्ण लांबीभर टाकावी, तिचे जोड ओल न शिरेल असे बंद करावेत, दोन्ही टोके चेंबरमध्ये हातभर सोडून ठेवावीत, आणि माती लोटण्याआधी मल्टिमीटरने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असल्याचे पाहून घ्यावे.